टाळ्या झाल्या, आता ऐका

धाडसाचं कौतुक करायला आपल्याकडे कोणाचीच ना नसते. अट एकच, धाडस दुसऱ्याच्या घरातलं हवं.

१३ मे २०१२. रविवारी सकाळी अकरा वाजता टीव्हीवर ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमाचा दुसरा भाग लागला. दिवस मातृदिनाचा आणि विषय बाललैंगिक अत्याचाराचा. हरीश अय्यर नावाचा तरुण स्वतःच्या नावाने आणि चेहऱ्याने समोर बसला आणि बोलला. सात वर्षांचा होता तेव्हापासून पुढे अकरा वर्षं, आणि माणूस नात्यातला. तेव्हा मन मोकळं करायला त्याच्याजवळ घरातला कुत्रा होता आणि बळ द्यायला पडद्यावरची श्रीदेवी. कार्यक्रमात श्रीदेवी खरोखरच त्याला भेटायला आली. घरोघरी डोळे पाणावले. मग जेवणाची पानं वाढली गेली आणि आमटी वाढता वाढता कोणीतरी विचारलंच, ‘‘पण मग तेव्हाच का नाही बोलला?’’

बोलला होता की! रक्त जातंय हे त्याने आईला सांगितलं होतं. आंबे जास्त खाल्ल्यामुळे होत असेल, असं आईला वाटलं. आंबा उष्ण, हे तर आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. या आईला बोल लावण्यात अर्थ नाही. पुढे तीच मुलाच्या पाठीशी खमकेपणाने उभी राहिली. पण तेव्हा तिच्या डोक्यात आंबा आला, कारण दुसरं काही असू शकतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मूल सांगत असतं, पण आपल्या भाषेत सांगत नाही. पोटात दुखतं म्हणतं, अमक्या मामाकडे राहायचं नाही म्हणतं, शिकवणीच्या वेळेला नेमकं रडतं. आपण ओवा देतो आणि शिकवणीला पाठवतो.

आता आपले जनजागृतीचे लघुपट पाहा. रिकामा हलणारा झोका, जमिनीवर पडलेली बाहुली, मागे पियानो. शाळेच्या फाटकाशी चॉकलेट घेऊन उभा असलेला, दाढी वाढलेला अनोळखी इसम. आणि पीडित नेहमी मुलगी. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी, नेमकं सांगायचं तर ५३.२२ टक्क्यांनी, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीतले किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी कोणाला काही सांगितलंच नव्हतं. थोडक्यात, दिग्दर्शक कॅमेरा फाटकाशी लावतो आणि तो माणूस दिवाणखान्यात चहा पीत बसलेला असतो. बशीत चिवडाही आपणच वाढलेला असतो.

मीरा नायरने २००१ मध्ये ‘मान्सून वेडिंग’मध्ये कॅमेरा थेट याच दिवाणखान्यात नेला. तेज हा घरचा जावई. पैसेवाला, दिलदार, वडील नसलेल्या भाचीला अमेरिकेत शिकवायला निघालेला. तीच भाची, रिया, ऐन लग्नघरात तोंड उघडते, कारण आता तो घरातल्या दुसऱ्या लहान मुलीच्या मागे लागलेला तिला दिसतो. नसीरुद्दीन शाहने उभा केलेला ललित, म्हणजे वधूपिता, आधी चाचरतो, गप्प बसतो, उपकार आठवतो. शेवटी मात्र तेजला घरातून जायला सांगतो. चित्रपटगृहात आपण त्याला दाद दिली. घरी? बोहल्यावर मुलगी उभी आहे आणि जावईबापूंना ‘निघा’ म्हणायचं? ‘‘कार्य तर पार पडू दे, मग बघू.’’ हे ‘मग’ बारशापासून साठीशांतीपर्यंत कधीच उजाडत नाही.

आपला संताप लटका असतो असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. गुन्हा नोंदवायला पोलिसांनी ताटकळत ठेवलं, त्याचा तो राग होता आणि रास्त होता. पण जमावाची मागणी ‘फाशी द्या’ अशी होती. परक्यासाठी फाशी मागायला आवाज खणखणीत लागतो. आरोपी सख्खा काका निघाला की त्याच गळ्यातून ‘घरातली गोष्ट घरात राहू दे’ असं कुजबुजल्यासारखं येतं.

दक्षिण कोरियात २०११ मध्ये ‘सायलेन्स्ड’ नावाचा चित्रपट आला. ग्वांगजू शहरातल्या कर्णबधिर मुलांच्या एका शाळेतलं खरं प्रकरण, आरोपींना किरकोळ शिक्षा झालेली. चित्रपट पाहून लोक घरी जाऊन झोपले नाहीत. प्रकरण पुन्हा तपासायला लागलं, शाळा बंद झाली आणि काही आठवड्यांतच संसदेने कायदा बदलला. तेरा वर्षांखालच्या मुलांवरच्या आणि अपंगांवरच्या अशा गुन्ह्यांसाठीची खटल्याची मुदतच काढून टाकली.

आपल्याला कायद्यासाठी चित्रपटाची वाट पाहायची गरज नाही, कायदा कधीचाच आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनी, लागू झाला. त्याच्या १९व्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्याने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘ज्याला’ म्हणजे कोणालाही. आत्या, मुख्याध्यापिका, शेजारी, कुटुंबाचे डॉक्टर, सगळे यात आले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘उगाच बोभाटा नको’ ही पळवाट त्या कलमात कुठेही नाही. बोभाट्याची भीती असेल, तर मुलाची ओळख जाहीर करणं हाही याच कायद्याने गुन्हा आहे.

राहता राहिले अत्याचारातून वाचलेले आणि बोलू लागलेले. त्यांच्यापुढे माइक धरून ‘‘अजून जरा सविस्तर सांगा ना’’ म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यांनी किती सांगायचं, कधी आणि कोणाला सांगायचं, हे त्यांनीच ठरवायचं. आपल्या डोळ्यांत पाणी आणणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांनी काय सोसलं हे ऐकून झालं असेल, तर त्यांचं तेव्हा कोणी का ऐकलं नाही, तेवढं आता शिकून घ्यावं.

शिकायला वेळही फारसा लागत नाही. घरातलं मूल अडखळत काही सांगू लागलं की हातातला मोबाइल खाली ठेवा. ‘‘नक्की ना?’’, ‘‘काका असं करतील?’’, ‘‘तू तिकडे गेलासच कशाला?’’ हे तीन प्रश्न गिळा. म्हणा, ‘‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.’’ मग मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक फिरवा, तो चोवीस तास चालू असतो. आणि काकांना पुढच्या गणपतीचं आमंत्रण देऊ नका.