ध्वनिचित्रपत्रिका-प्रेषणविधी

ध्वनिचित्रपत्रिका म्हणजे छापील लग्नपत्रिकेतला मजकूर सनईच्या सुरावर, गुलाबपाकळ्यांच्या वर्षावातून, एकेक ओळ करून दाखवणारी चित्रफीत होय. तिच्यात वधूवर तळ्याकाठी वीस सेकंद चालतात आणि मुहूर्त दोन सेकंदांत आटोपतो, म्हणून निमंत्रितांनी पडद्यावर बोट ठेवून फीत नेमक्या क्षणी थांबवण्याचा सराव आधीच करून ठेवावा.

पाठवण्याच्या मार्गांत व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच निरोप अनेकांना सुटासुटा पोचवणारी यादी, सर्वांत शास्त्रोक्त मानावी. एका यादीत २५६ नावे मावतात. मात्र ज्याने यजमानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला असेल त्यालाच निरोप पोचतो. परिणामी दहा वर्षांत ज्यांनी साधी चौकशीही केली नाही असे चुलत मामा पत्रिकेवाचून राहतात, ऐन कार्यात रुसून बसतात, आणि ‘मामा, तुमच्याकडे आमचा नंबरच नाही’ हे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष उत्तर त्यांना देण्याची छाती अद्याप कोणाही भाच्याला झालेली नाही. मुलाने केलेली फीत वडिलांनी पुढे ढकलल्यास तिच्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का उमटतो, सबब ती व्याह्यांकडे कदापि धाडू नये. शिवाय अफवांना आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये भारतात आलेल्या मर्यादेनुसार ती एका वेळी पाच जणांनाच ढकलता येते. पाच सवाष्णींशी या आकड्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. पाठवलेली फीत सर्वांच्या फोनमधून मागे घेण्याची मुदत जेमतेम अडीच दिवसांची असून, तारीख आणि वार जुळत नसल्याचे आत्याबाईंच्या ध्यानात चौथ्या दिवशी येते.

पोच दोन प्रकारची असते. निळ्या खुणा पत्रिका पाहिल्याच्या असतात, येणार असल्याच्या नव्हे. आणि जोडलेल्या हातांचे चित्र हे होकार, नकार व ‘बघू’ या तिन्ही अर्थी वापरले जात असल्याने केटररला पानांचा आकडा सांगताना असे दोन नमस्कार मिळून एक पान धरावे. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अनोळखी ॲप बसवणारी फाइल, पाठवून बँकखाती रिकामी करणारे भामटे निघाल्यापासून सावध मंडळी खरी फीतही उघडत नाहीत. त्यांना फोन करून ‘बघितलीत का?’ असे विचारावे लागते, आणि पलीकडून ‘मोबाइलवर आलंय हो, पण बोलवायला कधी येताय?’ असा प्रतिप्रश्न येतो.

तस्मात् किमान पंचवीस पत्रिका छापाव्यातच. पुण्यात पहिली कसबा गणपतीपुढे ठेवायची असते आणि तेथे लिंक चालत नाही. घरच्या देव्हाऱ्यापुढे फोनच ठेवून त्याला हळदकुंकू वाहण्याचा पर्याय सुचवला जातो खरा. परंतु बोट टेकताच फीत थांबते, आणि कुंकू पुसल्याखेरीज मुहूर्त वाचता येत नाही.