दुसऱ्या अंतऱ्याला तीन शिट्ट्या

लताबाई एकट्या गातात, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. आमच्याकडच्या कॅसेटींत त्यांच्या साथीला आजी असायची, शेजारच्या काकू असायच्या, बाबांचा खोकला असायचा आणि दुसऱ्या अंतऱ्याला कुकर. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी एकदा हौसेने स्टेजवर गायलो. दुसरा अंतरा निम्म्यावर आला आणि मी सवयीने थांबलो. तीन शिट्ट्या होण्याइतका. तबलजी माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. समोरच्यांना वाटलं, शब्द विसरला. विसरलो काहीच नव्हतो, उलट जरा जास्तच लक्षात होतं.

याचं मूळ १९८३ सालात आहे. डोंबिवली पूर्वेला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, आमच्या दोन खोल्या होत्या. कुवेतला नोकरीला असलेला मामा त्या मे महिन्यात आला तो काखोटीला जपानी टू-इन-वन घेऊन. एकाच पोटात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर. आईने आठवड्याभरात त्याला क्रोशाचं झाकण विणलं, आजीने दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं. मामाने सोबत दहा कोऱ्या कॅसेटी दिल्या होत्या. गाणी भरलेल्या कॅसेटी दुकानात मिळत, पण त्यावर बाबांचं मत ठाम होतं. "गाणी हवेत फुकट हिंडतायत. ती विकत कशाला घ्यायची?"

हवेतली गाणी धरायचे दोन मार्ग होते. पहिला रेडिओ. तो टेपच्याच पोटात असल्यामुळे गाणं बाहेरच्या हवेला न लागता थेट फितीवर उतरायचं. पण बुधवारी रात्री बिनाका गीतमालेसाठी सिलोन लावलं, की गाणं समुद्राच्या लाटेसारखं जवळ यायचं आणि लांब जायचं. अमीन सायानींचा आवाज मात्र कधी लांब गेला नाही. तो बहुधा समुद्रालाही ऐकायचा असावा. आमच्या कॅसेटींत त्यांचं बोलणं स्वच्छ आणि गाणी बुडालेली आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे गुरुवारचं 'छायागीत'. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आमच्या घरी टीव्ही यायला त्यानंतर दहा वर्षं लागली. कृष्णधवल, चार पायांवर उभा, पुढे सरकती लाकडी दारं. त्यातलं गाणं टेपमध्ये घ्यायचं तर दोन यंत्रं जोडायची वायर लागते, अशी ऐकीव माहिती होती. वायर कुणी पाहिली नव्हती. मग उरला एकच उपाय: टीव्हीच्या तोंडाशी टेपचं तोंड लावणे.

या कामाची सूत्रं ताईकडे होती. ती नुकतीच बी. कॉम. झालेली, म्हणजे घरात सर्वांत मोकळी आणि सर्वांत कडक. टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर चौघडी गोधडी, गोधडीवर टेप. अंतर वीतभर. कॅसेटच्या सुरुवातीला जी कोरी पांढरी पट्टी असते तिच्यावर काही भरलं जात नाही, म्हणून ती आधीच पेन्सिल घालून पुढे फिरवून ठेवायची. हे माझं खातं. कॅसेटच्या चाकाला आतून सहा दात असतात आणि सहा कडांची पेन्सिल त्यात घट्ट बसते. शाळेत त्या पेन्सिलीने माझं फारसं भलं झालं नाही, पण घरात तिने मला प्रतिष्ठा दिली. गाण्याचं संगीत सुरू झालं रे झालं, की ताई प्ले आणि लाल बटण एकदम दाबायची आणि खोलीकडे वळून ओठांवर बोट ठेवून "शूऽऽ" करायची. आमच्या सगळ्या गाण्यांची सुरुवात त्या शूने होते.

खोलीत तेव्हा किमान पंधरा माणसं असत. गुरुवारी आमचं दार लावायची पद्धत नव्हती. सतरंजीवर पोरं, पलंगावर बायका, दारात उभे पुरुष. पंधरा माणसांनी तीन मिनिटं गप्प बसायचं, हे या देशात राष्ट्रगीतालाही जमत नाही. शेजारच्या काकूंना तर नटी ओळखल्याशिवाय गाणं लागूच पडत नसे. "कोण गं ही? माला सिन्हा का?" हे वाक्य आमच्या संग्रहात अकरा गाण्यांत आहे. त्यांतल्या एकाही गाण्यात माला सिन्हा नाही.

आजीचा गुरुवारचा उपास. दत्ताची आरती आणि छायागीत एकाच वेळेला यायचं. ताईने एकदा आरती दहा मिनिटं पुढे ढकलायची सूचना केली. आजी म्हणाली, "दत्तमहाराज काय तुमच्या वरळीच्या टॉवरवर चालतात?" त्यामुळे किशोरकुमारच्या एका अत्यंत उनाड गाण्याला आमच्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत घंटा आहे, आणि खरं सांगतो, ती तालात आहे. बाबांची लोकल साधारण शेवटच्या गाण्याला पोहोचायची. चपला काढल्याचे दोन आवाज, पिशवी ठेवल्याचा एक आणि खोकला. मुंबई दूरदर्शन मध्येच काही बिघडलं की 'व्यत्यय' अशी पाटी लावून मोकळं व्हायचं. आमच्या घराला पाटी नव्हती.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. गाणं मोठ्याने चालू असताना माणसं बोलली तर टेपवर फारशी येत नसत, आणि गाणारा श्वास घ्यायला थांबला की स्वयंपाकघरात कुजबुजलेलंही खणखणीत ऐकू येई. शेवटी टेप दुरुस्तीला नेला तेव्हा स्टेशनजवळच्या रेडिओवाल्याने उलगडा केला. या यंत्रात आवाजाची पातळी आपोआप राखायची सोय असते. आवाज मोठा झाला की ते कान आखडतं घेतं, बारीक झाला की कान टवकारतं. म्हणजे आमचा टेप चाळीतल्या एखाद्या मुरलेल्या वहिनींसारखा होता. उघड बोललेल्यात त्याला रस नव्हता.

या स्वभावामुळे पुढचं रामायण घडलं. डिसेंबरात ताईला बघायला मंडळी आली. मुलगा बँकेत. पोहे झाले, चहा झाला, मुलीला शिवण येतं का हेही झालं आणि मग बैठकीत ती शांतता पसरली, जिच्यात पंख्याचा आवाज ऐकू येतो. ती घालवायला बाबांनी अभिमानाने टू-इन-वन लावला. "आमच्या मुलीनेच रेकॉर्ड केलंय हं." मुकेश गायला लागला. मंडळींनी माना डोलावल्या. पहिला अंतरा संपला, सतार हळू झाली, टेपने कान टवकारले, आणि आईचा आवाज आला: "मुलगा बँकेत आहे म्हणे. पगार चांगला आहे. पण फोटोत ओठ मिटलेत ते उगीच नाही, पुढचे दात बघितलेत?" पाठोपाठ काकू: "ही नूतन का?"

बाबांनी झडप घालून बटण दाबलं, ते नेमकं उलटं फिरवायचं निघालं. ते थांबवायला त्यांनी पुन्हा प्ले दाबलं आणि दात दुसऱ्यांदा आले. मुलाची आई ताठ झाली. मुलाचे वडील छताकडे बघू लागले. आणि मुलगा हसला. तोंडावर हात न ठेवता, सगळे दात दाखवून, चांगला मिनिटभर हसला. ताई आत जाऊन रडली, कारण गाणं वाया गेलं होतं. पुढच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. भावोजींनी आजवर या विषयावर आईला एकदाच टोमणा मारला आहे, तोही कवळी बसवली त्या दिवशी.

संगीतावर अन्याय फक्त बायकांनी केला असं नाही. बाबांनी आकाशवाणीवरून भीमसेन जोशींचे अभंग एका कॅसेटवर भरून घेतले होते. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक चौकोनी दांड्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. बाबांनी त्या मोडल्या होत्या. पण दांडी मोडून पडलेल्या खड्ड्यावर चिकटपट्टी लावली की यंत्राला काही कळत नाही, हा शोध मला त्याच सुमारास लागला. त्या कॅसेटवर आता भीमसेनजी विठ्ठलाच्या अगदी पायाशी पोहोचतात, 'खट्' असा आवाज होतो आणि 'कुर्बानी'तली नाझिया हसन सुरू होते. बाबा मला बोलले नाहीत. फक्त पुढचे कित्येक महिने एकादशीला कॅसेट लावून, खट्च्या अलीकडे बटण दाबून, माझ्याकडे बघायचे.

आता त्या शिट्टीबद्दल. ताईच्या संग्रहातलं मुकुटमणी म्हणजे 'पाकीझा'तलं लताबाईंचं एक गाणं. मीनाकुमारीवरचं, रात्रीच्या मैफलीतलं, संथ. त्या गुरुवारी आश्चर्य घडलं. काकू माहेरी गेलेल्या, आरती लवकर आटोपलेली, बाबांची लोकल उशिरा. दुसऱ्या अंतऱ्याचा कुकर सोडला तर गाणं निर्मळ चाललं होतं. ताईच्या डोळ्यांत पाणी. आणि अगदी शेवटी, गाणं विझत असताना, लांबून गाडीची शिट्टी. पाठोपाठ स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज, "अगं, ती शिट्टी..." आणि खट्. ताईने बटण दाबलं होतं.

त्या रात्री ती जेवली नाही. रेल्वेला तिने जे शब्द वापरले ते बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हते. आईलाही चार शब्द ऐकावे लागले: गाडीला कळत नाही, पण तुला तरी कळायला हवं होतं.

पुढे लग्न झाल्यावर, ठाण्याला, ताईने एकदा भावोजींबरोबर अख्खा 'पाकीझा' पाहिला. तो सिनेमा १९७२ चा. संगीतकार गुलाम मोहम्मद तो लागायच्या आधीच, १९६८ साली वारले होते. कथेत नायिका आगगाडीच्या डब्यात झोपलेली असताना कुणी अनोळखी माणूस तिच्या पायांशी चिठ्ठी ठेवून जातो, आणि तेव्हापासून गाडीची शिट्टी ऐकली की तिचं काळीज हलतं. त्या गाण्याच्या शेवटी येणारी शिट्टी आमच्या रुळांवरची नव्हतीच. ती सिनेमातली होती, मुद्दाम घातलेली होती आणि गाण्याचा जीव तिच्यात होता. वास्तविक कोळशाच्या इंजिनाची शिट्टी कुठे आणि आमच्या लोकलचा भोंगा कुठे! पण त्या टेपवर शिट्टी, भोंगा आणि आजीची शिंक यांत फरक करणं अवघड होतं. ताईचा रात्री घाबऱ्या घाबऱ्या ट्रंककॉल यावा तसा शेजाऱ्यांकडे फोन आला. "आईला सांग, तिचं बरोबर होतं. ती शिट्टी गाण्यातलीच होती, हेच ती सांगत होती ना?" मी निरोप दिला. आई नुसतं "हूं" म्हणाली. आम्ही सगळ्यांनी आईचा मोठेपणा मनातल्या मनात मान्य केला. त्या घरात सिनेमा खरा कळलेलं माणूस ती एकटीच, असं आम्ही चाळीस वर्षं समजत आलो.

गेल्या दिवाळीत भाच्याने त्या कॅसेटी काँप्युटरवर चढवायचं मनावर घेतलं. दात त्याने वडिलांचे घेतलेत, कान आईचे. टेपचा पट्टा विरघळून डांबर झाला होता. तो बदलून घेतला आणि कॅसेटी चालल्या. भाचा म्हणाला, "मामा, मागचा सगळा गोंगाट साफ करता येतो. बघ." त्याने काहीतरी दाबलं. आजी गेली. काकू गेल्या. खोकला गेला. मागे उरलं ते गाणं कुठल्याही रिक्षावाल्याच्या मोबाइलवर मिळतं. मी म्हटलं, "उलटं करता येतं का? गाणं काढून टाक."

त्याला आधी थट्टा वाटली. मग रात्री उशिरापर्यंत आम्ही तेच करत बसलो. लताबाई पुसट झाल्या आणि खोली पुढे आली. शेवटची शिट्टी वाजली आणि आईचा एकेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आला, "अगं, ती शिट्टी..."

ऐंशी ओलांडलेली आई पलीकडे पलंगावर मटार सोलत होती. तिला नीट ऐकू यावं म्हणून मी ते दोनदा लावलं आणि विचारलं, "आई, पुढे काय म्हणणार होतीस? ही शिट्टी सिनेमातली आहे, असंच ना?"

"कुठला सिनेमा?" आई म्हणाली. "तीन झाल्या, गॅस बंद कर म्हणत होते. कुणी ऐकलं नाही. चवळीचा नुसता लगदा झाला होता त्या दिवशी."