मनगटावरची बासुंदी

हा माणूस तुम्हाला प्रथम लिफ्टमध्ये भेटतो, आणि तेव्हा तो लिफ्टमध्ये नसतो. मागच्याच फेरीला तो वर उतरून गेलेला असतो. तुमच्या सोबतीला उरते ती खजूर, दालचिनी आणि आटलेल्या दुधाची दाट हवा. सकाळचे सव्वानऊ, पोटात दोन इडल्या, आणि नाकाला मात्र मुंजीच्या पंगतीचं बोलावणं. त्याचं खरं नाव काहीही असो, आपण त्याला बासुंदे म्हणू.

वासावरून अंदाज बांधाल तर बासुंदे गोलमटोल हवा. दुपारी हक्काने झोपणारा, पंगतीत वाढप्याला नावाने हाक मारून जिलबी परत बोलावणारा, मिशीला तूप लागलेलं ज्याला शोभतं असा. प्रत्यक्षात निघतो तो पस्तिशीचा सडपातळ गृहस्थ. पोट आत, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. दिवसातून दोनदा जेवतो, तेही पंचावन्न मिनिटांच्या आत उरकून. कॉफी काळी आणि बिनसाखरेची. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा तो दहावीच्या टक्क्यांसारखा सांगतो. श्रीखंडाकडे तर तो असा बघतो की वाटी शरमून झाकण शोधते.

गंमत म्हणजे हा मूळचा कोल्हापूरकडचा. आजोबा साखर कारखान्याचे सभासद. दिवाळीत सवलतीच्या साखरेचं पोतं घरी यायचं, हिवाळ्यात गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळायचा, काकवी भाकरीवर ओघळायची. त्या घरातला नातू आता साखरेला पांढरं विष म्हणतो आणि तिचाच वास अंगावर फवारून कचेरीत जातो. माझं म्हणणं एवढंच आहे, की या पिढीने गोड सोडलं वगैरे काही नाही. ते ताटातून उचलून मनगटावर ठेवलं. तिथे कॅलरी लागत नाहीत.

आपल्याकडे खाण्याचा वास अंगाला येणं ही मिरवायची गोष्ट कधीच नव्हती. अनारसे तळून उठलेली बाई आधी लुगडं बदलायची, मग पाहुण्यांसमोर यायची. लग्नात अत्तरदाणी फिरायची ती हिना, केवडा नाहीतर वाळ्याची. मनगटाच्या पाठीवर एक बोट फिरलं, की माणूस शिष्ट दिसू लागे. पुरणाचं अत्तर कुणी मागितलं असतं, तर घरच्यांनी त्याला वैद्याकडे नेलं असतं.

या उद्योगाचं मोठं पाप पॅरिसच्या माथी. 1992 साली थिएरी म्युग्लर या फॅशनवाल्याने ‘एंजल’ नावाचं परफ्यूम काढलं. लहानपणच्या जत्रेचा वास त्याला बाटलीत हवा होता. ऑलिव्हिए क्रेस्प या गंधकाराने त्यासाठी एथिल माल्टॉल हे रसायन सढळ हाताने ओतलं. कापसासारखी गुलाबी मिठाई, आपले म्हातारीचे केस, तिचा जळकट गोड वास हा थेट याचाच. शिवाय खाली भरभक्कम पॅचौली. हा पॅचौलीचा पाला एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या घड्यांत घालून युरोपला जायचा, कसर लागू नये म्हणून. बाईच्या अंगाला फुलांचाच वास यावा अशी रीत असताना निळ्या चांदणीच्या बाटलीतून जत्रा बाहेर पडली, आणि त्यातून गोर्माँ नावाचं अख्खं घराणं जन्माला आलं. त्याआधी व्हॅनिला परफ्यूममध्ये नव्हती असं नाही. जर्मनीत टीमान आणि हारमान या जोडीने 1874 मध्ये पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून व्हॅनिलिन बनवलं होतं, आणि 1925 च्या ‘शालिमार’मध्ये व्हॅनिलाचा वास पुरेपूर होता. पण तिथे ती गोषात होती. एंजलने तिला मिठाईच्या दुकानाच्या गल्ल्यावरच बसवलं.

बासुंदेला हा इतिहास तोंडपाठ आहे, आणि तो तुम्ही न विचारता सांगतो. पण त्याचं रोजचं दैवत पॅरिसचं नाही, अमिरातीचं आहे. लताफा कंपनीचं 2022 मधलं ‘खमरा’: खजूर, प्रलीन, दालचिनी, व्हॅनिला. कुठल्याशा महागड्या फ्रेंच परफ्यूमचं ते स्वस्तातलं भावंड आहे, असं सांगताना त्याचा आवाज खाली येतो, चोरीचा माल दाखवताना यावा तसा. नवी बाटली आली की दोन फवारे मारून ती कपाटाच्या अंधारात ठेवायची आणि महिनाभर हात लावायचा नाही. “मुरू दे,” असं तो म्हणतो. त्याच्या आईने कैरीच्या लोणच्याच्या बरणीबद्दल हेच म्हटलं, तेव्हा त्याने तिला मिठाच्या प्रमाणावर ऐकवलं होतं.

बायकांत ही जात नाही असं कुणी समजू नये. लग्नाच्या हॉलमध्ये नवऱ्यामुलाची आत्या शेजारून गेली आणि कॅरमेलचं पातेलं उतू गेल्याचा भास झाला, हा अनुभव आता सार्वत्रिक आहे. पण बायका निदान एकमेकींना “कुठलं गं?” विचारून मोकळ्या होतात. पुरुष ‘लास्टिंग’ मोजतो. बासुंदेने शर्टाच्या बाहीला सकाळी किती वाजता फवारलं आणि रात्री किती वाजता वास मेला, याची नोंद फोनमध्ये आहे.

लास्टिंग असतंच. लिंबू, संत्र्याचे हलके वास लवकर उडून जातात. व्हॅनिलिन बूड टेकून बसतं, हलता हलत नाही. त्यात मुंबईचा मे महिना आणि कातडीची ऊब. दादर येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांना डोकेदुखी, उरलेल्यांना भूक. बासुंदेला मात्र काही नाही, कारण आपल्या अंगाच्या वासाला आपलं नाक काही मिनिटांतच सरावतं. सबंध डब्यात ज्याला बासुंदे येत नाही असा एकटा बासुंदे. म्हणून तो अंधेरीला उतरून आणखी दोन फवारे मारतो.

कचेरीत तो एचआरला आहे, आणि इथे मला त्याच्या परफ्यूमचं खरं काम कळतं. काचेच्या केबिनमध्ये तो तुम्हाला बसवतो. खोलीभर आजीच्या स्वयंपाकघराची माया दरवळत असते, अंग सैल पडतं, आणि त्या मायेतच तो सांगतो की या वर्षी पगारवाढ नाही. माणूस बाहेर येतो तो खीर जेवून आल्याच्या चेहऱ्याने. पार्किंगमध्ये पोचल्यावर त्याला कळतं काय झालं ते. बासुंदे दुष्ट नाही. वाईट बातमी देताना त्यालाही पोटात कालवतं. तो वास जितका समोरच्यासाठी, तितकाच त्याच्यासाठी.

एक माहिती मात्र मी त्याला मुद्दाम दिली. परफ्यूमचं अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून त्यात बऱ्याचदा डेनाटोनियम नावाचं द्रव्य घालतात, आणि जगातल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. तो दिवसभर गप्प होता. संध्याकाळी कुणी बघत नाहीसं पाहून त्याने मनगटाला जीभ लावली, असं ऑफिसबॉयने सांगितलं. विश्वास ठेवायला हरकत नाही.

मागच्या दिवाळीला बढती मिळाली म्हणून तो गावी निघाला. वाटेत साताऱ्याला कंदी पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला, अर्थात इतरांसाठी. घरी आजीने बॉक्स देवापुढे ठेवायला मागितला. देण्याआधी बासुंदेने एक पेढा उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून बोलू लागला: वर वेलची, मग भाजलेला खवा, आणि शेवटी ड्रायडाउनला…

“हुंगलास न्हवं?” आजी म्हणाली. “आता त्यो देवाला चालत न्हाई. खा मुकाट्यानं.”

देवाचं नाव निघाल्यावर कॅलरीचा मुद्दा काढता येईना. त्याने पेढा तोंडात टाकला. बराच वेळ काही बोलला नाही. मग आजीची पाठ वळलेली बघून त्याने बॉक्समधला दुसरा पेढा हुंगला. मग तिसरा.