सुरीधर

मराठी मध्यमवर्गीय घरात लहान मुलाच्या वाढदिवसाचा केक कापला जात असताना मुलाच्या मनगटावर ज्या प्रौढ नातेवाइकाचा पंजा असतो, त्याला येथे ‘सुरीधर’ म्हटले आहे. ही संज्ञा सूत्रधारावरून घेतली असली तरी दोघांत एक फरक आहे. संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना आटोपली की रंगमंचावरून निघून जातो, सुरीधर मात्र शेवटची कागदी बशी वाटून होईपर्यंत टेबल सोडत नाही. तो बहुधा मुलाचा मोठा काका असतो, काही घरांत हे काम मधल्या आत्याकडे असते, मामाकडे क्वचित जाते. मुलाच्या बापाकडे ते कधीच येत नाही, कारण बाप त्या वेळी टेबलाच्या पलीकडे मोबाइल आडवा धरून उभा असतो आणि आई स्वयंपाकघरात सामोसे माणशी किती येतील याचा हिशेब करत असते.

या पदाची परंपरा केकपेक्षा बरीच जुनी आहे. पूर्वी लग्नकार्यात कोणाला कोणत्या पंगतीत बसवायचे, विहिणीच्या ताटाभोवती रांगोळी पडली की नाही, जिलबीचा आग्रह कोणी करायचा आणि रुसलेल्या आतेसासूला उठवायला कोणी जायचे, हे सांभाळणारा एक घरचा माणूस असे. पुढे कार्यालयवाल्यांनी सगळ्याचे कंत्राट घेतले, पंगत उठून बुफे आला, आणि हा माणूस हातात रिकामी बशी घेऊन इतरांसारखा रांगेत उभा राहिला. त्याला पुन्हा कामावर घेतले ते केकने. मानपान, म्हणजे कोणाला काय, किती आणि कोणाच्या आधी द्यायचे याचे अलिखित शास्त्र, पंगतीतून उठून केकखालच्या सोनेरी पुठ्ठ्यावर येऊन बसले आहे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी ‘पहिला घास कोणाला?’ या प्रश्नानंतर दिवाणखान्यात पसरणारी शांतता एकदा अनुभवावी.

सुरीधराचे काम खोक्याची फीत सुटण्यापूर्वीच सुरू होते. आधी औक्षण की आधी केक, हा वाद तो उपस्थितच होऊ देत नाही. मुलाला पाटावर बसवले जाते, कपाळी कुंकू लागते, डोक्यावर अक्षता पडतात, सुपारी आणि अंगठी ओवाळून झाली की निरांजनाने ओवाळले जाते, आणि ज्यांनी ओवाळायचे अशा बायका एकीमागून एक संपता संपत नाहीत. या सर्व काळात उत्सवमूर्तीची नजर तबकावर नसून फ्रिजच्या दारावर असते. त्यानंतर येतो तो खरा पेच. ज्या मुलाला आताच ज्योतीने ओवाळले, त्याच मुलाने पाच मिनिटांच्या आत दुसरी ज्योत फुंकून विझवायची असते, आणि दिव्याला फुंकर घालू नये, तो ‘शांत करावा’, असे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते त्या घरातली आजी ‘वाढदिवसाला कुणी दिवा मालवतं का?’ असे विचारल्यावाचून राहत नाही. यावर सुरीधराचा निर्णय ठरलेला आहे: दिव्याला तेल लागते, वात लागते, हे मेण आहे, सबब हा दिवा नव्हे, शिवाय देवघरातली समई तेवत आहेच. धर्मशास्त्रात कोठेही आधार नसलेला हा निर्णय आजी दर वर्षी मान्य करते, मात्र दर वर्षी नव्याने विचारून.

फुंकरीवर दुसरा आक्षेप विज्ञानाकडून येतो. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली नकली केकवर साखरेचे आइसिंग पसरले, माणसांना आधी पिझ्झा खायला घातला आणि मग त्यांना मेणबत्त्या फुंकायला लावल्या, तेव्हा फुंकलेल्या आइसिंगवर न फुंकलेल्यापेक्षा 1,400 टक्के अधिक जिवाणू आढळले. प्रत्येक कुटुंबात ही बातमी जपून ठेवलेली एक मावशी असते आणि नेमक्या क्षणी ती सांगते. सुरीधर शांतपणे उत्तरतो, ‘लेकराचं उष्टं लागत नाही.’ उष्टे, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाला लागलेले अन्न, याबाबत अत्यंत काटेकोर असलेल्या समाजाने लहान मुलांपुरती ही सूट फार पूर्वी देऊन ठेवली आहे, आणि जिवाणूंना ती कळवण्याची गरज कोणाला वाटलेली नाही.

गाण्याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. त्याची चाल केंटकीतल्या हिल भगिनींनी शाळकरी मुलांच्या सकाळच्या अभिवादनासाठी केलेल्या आणि 1893 साली छापल्या गेलेल्या गाण्याची आहे, आणि मुळात इतकी सोपी चाल तीस माणसे तीस पट्ट्यांत कशी गातात हा संगीतशास्त्राचा विषय आहे. एवढेच नोंदवावे, की तिसऱ्या ओळीत नाव आले की शाळेतले मित्र पटावरचे नाव घेतात, आजोळची मंडळी ‘सोन्या’ म्हणतात, आजोबा पाळण्यातले नाव उच्चारतात, आणि त्या कोलाहलात मूल आपण नेमके कोण, अशा मुद्रेने सुरीधराकडे पाहते.

मग पहिला घास. मुलाने तो आईला भरवावा हा निसर्गनियम झाला, परंतु घरात वडिलांची आई बसलेली असते आणि तिच्या शेजारच्याच खुर्चीत आईची आई बसलेली असते, आणि दोघी ‘अहो, आधी तुम्ही’ असे ज्या स्वरात म्हणतात त्या स्वरातून अनुभवी माणूस पुढच्या सहा महिन्यांचे हवामान सांगू शकतो. यावर एका सुरीधराने काढलेला तोडगा अभ्यासनीय आहे. त्याने मुलाच्या दोन्ही हातांत एकेक घास दिला, दोन्ही आज्यांना दोन बाजूंना उभे केले आणि एक-दोन-तीन म्हणून दोघींना एकाच क्षणी भरवायला लावले. फोटो उत्तम आला. त्या फोटोत एका आजीला उजव्या हाताचा घास मिळाला आहे आणि दुसरीला डाव्या हाताचा, ही गोष्ट आजोळी परतताना रिक्षात लक्षात आली, आणि पुढच्या वर्षी आज्यांच्या बाजू बदलतील असे आश्वासन फोनवरून द्यावे लागले. संकष्टी असेल तर प्रश्न सोपा होतो. उपास करणारी आजी घास हातात घेते, ‘मला नाही रे चालत आज, राजा,’ म्हणते आणि तो परत मुलाच्याच तोंडात घालते, जिथे तो आधीच जायला हवा होता.

यापुढचा भाग, म्हणजे वाटणी, हा सुरीधराच्या विद्येचा गाभा होय. गोल केक कसा कापावा याचा विचार मोठमोठ्या लोकांनी केला आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1906 साली ‘नेचर’ नियतकालिकात पत्र लिहून असे सुचवले होते, की त्रिकोणी फोडी न काढता केकच्या मधोमध दोन समांतर छेद द्यावेत, मधला पट्टा खावा आणि उरलेले दोन भाग एकमेकांना भिडवून रबराच्या पट्ट्याने बांधावेत, म्हणजे कापलेली बाजू वाळत नाही. एका बैठकीत न संपणाऱ्या केकसाठी ही युक्ती योग्यच आहे. परंतु जेथे एक किलोच्या केकभोवती चाळीस माणसे आणि सोसायटीतली अनाहूत नऊ मुले उभी असतात, तेथे रबराचा उपयोग बश्या बांधण्यापलीकडे होत नाही. दोघांत वाटणी असेल तर एकाने कापावे आणि दुसऱ्याने आधी उचलावे, हा जुना नियम सर्वांना ठाऊक असतो; माणसे कितीही असली तरी कोणालाच दुसऱ्याच्या तुकड्याचा हेवा वाटू नये अशी वाटणी ठरावीक पायऱ्यांत करता येते, हे हारिस अझीझ आणि सायमन मॅकेन्झी यांनी 2016 साली दाखवून दिले, मात्र त्या पायऱ्यांची कमाल संख्या घातांकावर घातांक रचून लिहावी लागते. सुरीधर हे काम प्लास्टिकच्या दातेरी सुरीने पाच मिनिटांत उरकतो. हेवा उरतोच, पण तो केक आवडल्याचे सांगत घरी नेला जातो.

त्याची मोजमापे अशी, की मुलांचे तुकडे एकसारखे असावे लागतात, कारण मुले ते शेजारी शेजारी धरून पाहतात. मोठ्यांचे नसले तरी चालतात, कारण मोठी माणसे फक्त लक्षात ठेवतात. ‘अगदी थोडासा, डाएट आहे’ असे म्हणणाऱ्या शेजारीणबाईंना खरोखरच थोडासा दिला तर त्या दुखावतात, म्हणून त्यांना नेहमीएवढा देऊन ‘एवढ्यानं काही होत नाही’ असे म्हणायचे असते. क्रीमचे गुलाब विहीणबाईंकडे जातात. कामाच्या मावशींचा आणि वॉचमनचा तुकडा वाटप सुरू होण्याआधीच डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. हे ज्याला सांगावे लागते तो सुरीधर कच्चा समजावा, कारण शेवटी उरलेला चुरा देणे आणि आधी काढून ठेवलेला तुकडा देणे यांतला फरक घेणाऱ्याला बरोबर कळतो. राहता राहिली ती केकवर नाव लिहिलेली चॉकलेटची पट्टी. ती ज्याचा वाढदिवस त्याची, हे निर्विवाद आहे. परंतु धाकटी बहीण टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून तिच्याकडेच पाहत असते, तिचा खालचा ओठ बाहेर येऊ लागलेला असतो, आणि पट्टी मोडावी तर आजीच्या मते नाव मोडायचे नसते. निष्णात सुरीधर ‘हॅपी बर्थडे’ एवढा भाग अलगद तोडून बहिणीला देतो आणि अखंड नाव भावाच्या बशीत ठेवतो.

स्वतःचा तुकडा सुरीधर काढत नाही. ‘मला गोड चालत नाही’ हे त्याचे वाक्य सर्वांनी ऐकलेले असते आणि त्याच्या रक्तातल्या साखरेचे आकडेही बहुतेकांना पाठ असतात. पाहुणे सामोशांकडे वळले की तो पुठ्ठा उचलून स्वयंपाकघरात जातो, सिंकपाशी पाठमोरा उभा राहतो आणि पुठ्ठ्याला चिकटलेले क्रीम त्याच दातेरी सुरीने निगुतीने खरवडून खातो. मग मेणबत्तीचा ‘पाच’ हा आकडा नळाखाली धरून धुतो, रुमालाने पुसतो आणि चमच्यांच्या खणात मागच्या बाजूला ठेवून देतो. धाकटीला तो दोन वर्षांनी लागणार असतो.