गॅलरीतली बागायत : वर्ष पहिलं

ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी हा लेख वाचू नये. त्यांच्यासाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार-चार कृषी विद्यापीठं आहेत. ज्यांच्याकडे 4 बाय 10 फुटांची गॅलरी आहे आणि त्यातही वॉशिंग मशीन, कपड्यांची दोरी, मुलाची न वापरलेली सायकल व नादुरुस्त कूलर आहे, त्यांना मात्र विद्यापीठ नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन.

माझी पात्रता आधी सांगतो. गेल्या अकरा वर्षांत माझ्या हातून एकेचाळीस झाडं गेली. मी वही ठेवली आहे. तीत चार रकाने आहेत : झाडाचं नाव, आणल्याची तारीख, गेल्याची तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात मी निळ्या शाईने ‘कडक ऊन’, ‘कीड’, ‘नर्सरीवाल्याने फसवलं’, ‘हवामान बदल’ अशा नोंदी केल्या आहेत. त्यांच्याच शेजारी आमच्या हिने पेन्सिलीने एकच शब्द तीस-बत्तीस वेळा लिहिला आहे : ‘पाणी’. पुढे येईलच ते.

सर्वप्रथम ऊन पाहावं. बिल्डरला विचारू नये. त्याच्या मते प्रत्येक गॅलरी पूर्वेलाच असते. आमची दक्षिणेला आहे. दक्षिणेच्या गॅलरीची गंमत अशी, की डिसेंबरात सूर्य खाली कललेला असल्यामुळे ऊन कठडा ओलांडून थेट सोफ्यापर्यंत येतं. ते पाहून माणूस हुरळतो आणि आतल्या भिंतीलगत गुलाबाच्या रांगा लावतो. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो चक्क उत्तरेकडे सरकलेला. त्या दिवसांत आमचं ऊन कठड्यावरच थांबतं, आत येत नाही, कारण वरच्यांची गॅलरी हेच आमचं छप्पर. गुलाब मात्र डिसेंबरातल्या जागेवरच उभे असतात. तेव्हा कुंडी ऋतूप्रमाणे हलवावी. बारा इंची कुंडी माती भिजली की वीस किलोच्या आसपास भरते, हे हलवण्याआधी लक्षात घ्यावं. मी नंतर घेतलं. फिजिओथेरपीची दहा बैठकांची पावती त्याच वहीत चिकटवली आहे.

गुलाबाविषयी थोडं सविस्तर सांगणं भाग आहे, कारण प्रत्येक नवशिक्या गुलाबापासूनच सुरुवात करतो आणि पुष्कळांची अखेरही तिथेच होते. उरळी कांचनच्या बाजूला रस्त्याने गेलं की दोन्ही हातांना रोपवाटिका लागतात. तिथलं रोप भरगच्च फुललेलं असतं. पुष्कळदा ते आंध्रात गोदावरीकाठच्या कडियमहून ट्रकने आलेलं असतं आणि त्याच्या मुळांभोवती चिकणमातीचा एक गोळा असतो. हा गोळा प्रवासात मुळं ओली ठेवण्यासाठी असतो. आपल्याकडे आल्यावर तो वाळून पाट्यावरच्या वरवंट्यासारखा होतो. वरून ओतलेलं पाणी त्याच्या कडेकडेने निघून बुडाच्या भोकातून बाहेर पडतं आणि आत झाड तहानलेलं राहतं. तो गोळा बादलीत भिजवून बोटांनी हलकेच सैल करायचा असतो. मी पहिले सहा गुलाब गोळ्यासकट लावले. नोंद : ‘नर्सरीवाल्याने फसवलं’.

सातवा जगला. नुसता जगला नाही, त्याला बुंध्यातून असा दांडगा फुटवा आला, की दोन महिन्यांत कठड्याच्या वर गेला. मी आल्यागेल्याला गॅलरीत नेऊन दाखवत असे. खताचं श्रेयही घेत असे. फूल काही येईना, पण काटे जोरदार. शेवटी सोसायटीच्या बागेचा माळी आला, खाली बसला, बोटाने बुंधा चाचपला आणि म्हणाला, ‘‘साहेब, हा गुलाब न्हाई. गुलाब ह्यो.’’ आणि त्याने कोपऱ्यातली एक सुकलेली काडी दाखवली. गुलाब हा जंगली खुंटावर डोळा भरून केलेला असतो. डोळ्याच्या खालून जे फुटतं तो खुंटच, आणि त्याला मोकळीक दिली की तो वरच्या पाहुण्याचं सगळं अन्न खाऊन टाकतो. असा फुटवा दिसताक्षणी मुळाशी मोडून काढावा. मी त्याला चार महिने सरकी पेंड घातली होती.

आता पाणी.

झाड कोरडं पडून मरतं ही अफवा आहे. फ्लॅटमधलं झाड बहुधा बुडून मरतं, आणि ते बुडवणाऱ्या सगळ्यांचा हेतू चांगला असतो. आमच्या तुळशीचं उदाहरण घ्या. सकाळी सहाला आई आंघोळ करून तांब्याभर पाणी घालते. सातला मी झारी घेऊन निघतो आणि सर्वांना समान न्याय या तत्त्वाने तुळशीलाही देतो. दहाला कामाच्या मावशी फिल्टरचं वाया जाणारं पाणी ‘फेकायचं कशाला’ म्हणून ओततात. दुपारी मुलगा कॉलेजातून आला की बाटलीतलं उरलेलं कोमट पाणी सिंकपर्यंत नेण्याचा कंटाळा करतो. संध्याकाळी दिवा लावताना हिला माती जरा कोरडी वाटते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरून कुजतात, आणि कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणून पानं माना टाकतात. माना टाकलेल्या पाहून घरातले पाचही जण हळहळतात आणि आपापलं पाणी थोडं वाढवतात.

यावर उपाय सोपा आहे. मातीत बोट दोन पेरं खुपसावं. ओल लागली तर पाणी घालू नये, बोट धुऊन आत जावं. एवढंच शास्त्र. पण शास्त्र आईला सांगायचं कोणी?

‘‘आई, तुळशीला दोन दिवस पाणी नको हं.’’

‘‘अरे, तिला पाणी घातल्याशिवाय मी चहा कसा घेऊ?’’

वाटाघाटी आठवडाभर चालल्या. अखेर तांब्याऐवजी पळी असा तोडगा निघाला. पळीभर पाण्याने पुण्यात कपात होत नाही, असं गुरुजींकडून फोनवर वदवून घ्यावं लागलं. तांब्यातलं उरलेलं पाणी जास्वंदीला, कारण ती पाण्याला हावरी. मंजिऱ्यांच्या बाबतीत मात्र आईचंच बरोबर निघालं. तुळस एकदा बी धरू लागली की पानांकडे लक्ष देत नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती घेरदार होते. आई रोज विठोबाला मंजिऱ्या वाहते. म्हणजे आमच्या घरात एकाच झाडाची छाटणी वेळापत्रकानुसार होते आणि ती मी करत नाही.

पाण्याला दुसरी बाजू आहे ती खालच्या मजल्याची. कुंडीच्या बुडाला भोक हवंच, त्यावर खापरीचा तुकडा हवा, आणि त्यातून निथळलेलं पाणी न्यूटनच्या नियमाने खालच्या काकूंच्या कुरडयांवर पडतं. एप्रिलमध्ये त्यांनी वर येऊन तपकिरी ठिपक्यांची एक कुरडई माझ्या हातावर ठेवली, एक शब्दही न बोलता. म्हणून मी प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवली. जुलैत महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन आला आणि त्याने तिसऱ्या ताटलीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचं पंखवालं पोर तयार होतं. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, ताटल्या घासून पालथ्या घालाव्यात. मी शनिवार ठरवला. कोरडा दिवस शनिवारी ठेवल्याबद्दल मित्रमंडळींत गैरसमज झाले ते वेगळे.

कीड या विषयावर घराघरांत तज्ज्ञ असतात. जास्वंदीच्या शेंड्यावर कापूस चिकटल्यासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्या दिसल्या तर त्यांना निरपराध समजू नये. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याला गायीगुरांसारखं राखतात. मी त्या काळात दूध-साखरेसकट चहाचा चोथा घालत होतो, म्हणजे गुराख्यांच्या नाश्त्याचीही सोय माझ्याकडेच होती. चोथा घालायचाच तर धुऊन घालावा. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, तेल मिसळावं म्हणून भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, आणि फवारणी संध्याकाळी, पानाच्या खालच्या अंगाला. वास तीन दिवस जात नाही. पाहुणे येत नाहीत हा अतिरिक्त लाभ.

कढीपत्त्याच्या बाबतीत मात्र आम्ही देशप्रेमाने फसलो. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी पडलेलं दिसे. ते मी दोनदा काडीने उडवलं. तिसऱ्यांदा ते चालू लागलं. पुढे ती अळी हिरवीगार झाली, आणि बोट लावताच तिने मानेमागून दोन तांबूस शिंगं बाहेर काढली व असा आंबूस दर्प सोडला, की मी मागे सरून वॉशिंग मशीनवर आदळलो. मुलाने मोबाइलवर शोधून जाहीर केलं, की महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिलेलं नीलवंत ते हेच असणार. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर वाढतात. झालं. आमच्या गॅलरीला अभयारण्याचा दर्जा मिळाला. फोडणीला कढीपत्ता तोडायची बंदी झाली. दोन आठवड्यांत झाडाला काड्या तेवढ्या राहिल्या. कोषातून बाहेर पडलं ते काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं, नीलवंताचं मध्यमवर्गीय भावंड. ते कूलरवर पंख वाळवत घटकाभर बसलं आणि उडून गेलं. ही म्हणाली, ‘‘जाऊ दे, सुंदर होतं,’’ आणि कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फुकट कढीपत्ता मागायला खाली गेली. झाड महिन्याभरात पुन्हा पालवलं. वहीत त्याची नोंद झाली नाही.

आता मोगरा. मोगऱ्याविषयी पुस्तकांत जे लिहिलेलं असतं ते मी सात वर्षं वाचत होतो : हिवाळ्यात त्याचं पाणी तोडावं, ताण द्यावा, पानं झडू द्यावीत, मग छाटणी करून खत घालावं आणि पाणी सुरू करावं, उन्हाळ्याच्या तोंडावर तो कळ्यांनी लगडतो. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात झाडाचं एक पान पिवळं पडलं तरी माझा हात झारीकडे जाई. सात वर्षांत सात कळ्या. त्यांतल्या दोन उमलल्या.

आठव्या वर्षी डिसेंबरात मोगऱ्याच्या कुंडीत एक कबूतर येऊन बसलं. त्याने तीन काड्या आडव्या टाकल्या आणि याला घरटं म्हणायचं असा निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी एक अंडं, मग आणखी एक. मी झारी घेऊन जवळ गेलो, तर त्याने पंख फडकावून माझ्या मनगटावर सपकन मारला. ‘‘बाळंतीण आहे रे ती, तिला छळू नकोस,’’ आई आतून म्हणाली. पुढे वाचनात आलं, की कबुतरांत नर-मादी आळीपाळीने अंडी उबवतात आणि सकाळपासून दुपारपर्यंतची पाळी नराची असते. तेव्हा मला मारणारी बाळंतीण नव्हती, यजमान होते. अंडी साधारण अठरा दिवसांत फुटतात, त्यानंतर पिल्लं उडेपर्यंत आणखी महिनाभर. एवढ्या काळात घरातल्या पाचांपैकी एकालाही त्या कुंडीत पाणी घालता आलं नाही. यजमान जरा उठले तर कडेने वाटीभर, तेही आठ-दहा दिवसांतून एकदा. पानं पिवळी पडली, गळली. मी वही उघडून मोगऱ्याचं नाव, आणल्याची तारीख लिहूनही टाकली होती. पुढचे दोन रकाने तेवढे मोकळे ठेवले.

जानेवारीअखेर बिऱ्हाड उडालं. मागे राहिली कुंडीभर विष्ठा आणि वाळक्या काड्यांचं झाड. नाकाला रुमाल बांधून, हातमोजे घालून (हे अवश्य करावं, कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट) मी तो थर भिजवून उचलला, तरी मातीत मुरलं ते मुरलंच. काड्या निम्म्यावर छाटल्या आणि निरोपाचं म्हणून भरपूर पाणी घातलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दार उघडलं तर वास घरभर. आई अंथरुणातून उठून आली. ओंजळभर फुलं सकाळी, ओंजळभर संध्याकाळी. हिने माठात टाकली, मावशींनी गजरा करून नेला. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू जिना चढून वर आल्या. कुरडईनंतर प्रथमच.

‘‘काय हो, खत कुठलं घातलंत?’’

अकरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी खुर्ची ओढून दिली आणि त्यांना अथपासून इतिपर्यंत सांगितलं : ताण, पानगळ, अठरा दिवस, यजमान, छाटणी, सगळं. त्यांनी काही न बोलता ऐकून घेतलं. कागदावर टिपूनही घेतलं.

परवा कठड्यावरून सहज खाली वाकून पाहिलं. काकूंच्या मोगऱ्याच्या कुंडीत तीन काड्या आडव्या, नीट मांडून ठेवलेल्या होत्या.