कोण जिंकलं, कळलं का?

सायकलची शर्यत बघायला फ्रान्सला जावं की नाही, या विषयावर खुर्ची न सोडता मत द्यायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. चढ बसूनच चढावा, या पक्षाचे आम्ही. लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावरच्या नातेवाइकांबद्दलचं आमचं प्रेम पहिल्या जिन्यातच आटोपतं. तेव्हा हे प्रवासवर्णन जागेवर बसून लिहिलेलं आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण ज्या डोंगरावर आपल्याला जायचं आहे त्याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं प्रवासवर्णनही याच पद्धतीने लिहिलं गेलं असण्याचा संभव आहे. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये माँ व्हाँतू नावाचा १,९०० मीटरहून थोडा उंच डोंगर आहे. १३३६ साली पेत्रार्क हा इटालियन कवी, वरून कसं दिसतं एवढंच बघायला, हा डोंगर चढला, असं त्याने एका पत्रात लिहून ठेवलं आहे. वर पोचल्यावर त्याने संत ऑगस्टीनचं पुस्तक उघडलं. माणसं डोंगर बघत हिंडतात आणि स्वतःकडे बघत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर नेमका समोर आला, तेव्हा तो स्वतःवरच चिडला आणि मुकाट्याने खाली उतरला. पुढे अभ्यासकांनी शंका काढली की हे पत्र त्या दिवसाचं नाहीच, ते बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं असावं, आणि स्वारी डोंगर चढली होती की नाही हेही खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे देखावा बघायला गेलेल्या माणसाने वर जाऊन वाचन केलं, आणि कदाचित तो वर गेलाच नाही! आज तूर द फ्रान्स ही सायकलची शर्यत या डोंगरावरून जायची असली की माणसांची रीघ लागते. खेळही दिसेल आणि देखावाही दिसेल, एका तिकिटात दोन, आणि तिकीट तर नाहीच, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब चुकतो, असं आमचं म्हणणं आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसाला ही शर्यत दिसत नाही, कारण ती मुळात बघण्यासाठी काढलेलीच नाही. ती सांगण्यासाठी काढलेली आहे.

पुरावा जन्मापासूनचा आहे. १९०३ साली ही शर्यत सुरू केली ती ‘लोतो’ नावाच्या वृत्तपत्राने. खप वाढत नव्हता, प्रतिस्पर्धी वृत्तपत्र पुढे होतं, आणि संपादक आंरी देग्रांज यांच्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं की सायकलस्वारांना अख्ख्या फ्रान्सला प्रदक्षिणा घालायला लावू. साठ जण निघाले, एकवीस परतले, आणि धुराडी साफ करण्याचा धंदा केलेला मोरीस गारँ पहिला आला. पॅरिस ते ल्याँ हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरांचा होता. स्वार रात्रभर अंधारात सायकल हाकत होते. आता अंधारात धावणारी शर्यत कोण कशी बघणार? ती सकाळी चहाबरोबर वाचायची होती, आणि लोकांनी ती तशीच वाचली. वृत्तपत्राचा खप पंचवीस हजारांच्या आसपास होता, तो पासष्ट हजारांवर गेला. अंधाराचा दुसरा उपयोग पुढच्याच वर्षी उघड झाला. १९०४ मध्ये काही मंडळींनी मधला प्रवास आगगाडीने केल्याचं निष्पन्न झालं, आणि गारँसकट पहिल्या चौघांची नावं निकालातून काढून टाकावी लागली. (आगगाडीने जाणाऱ्या या सायकलपटूंबद्दल आम्हाला वाटणारी आपुलकी इथे नोंदवून ठेवतो.) १९१० साली पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट पहिल्यांदा घ्यायचा ठरला, त्याची कथाही याच वळणाची. पाहणीला गेलेल्या श्तैनेस नावाच्या गृहस्थांची मोटार बर्फात अडकली. ते रात्री पायी निघाले, वाट चुकले, गोठायच्या बेतात गावात पोचले आणि त्यांनी पॅरिसला तार केली: घाट ओलांडला, रस्ता उत्तम. रस्ता प्रत्यक्षात कसा होता याच्याशी त्या तारेचा संबंध नव्हता, पण शर्यत तारेवरच ठरली.

जुन्या काळचं सोडा, आताचं बोला, असं कुणी म्हणेल. आता बोलू. सपाटीवर हा घोळका ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला चौदा मीटर. घोळक्याची लांबी दोनशे मीटर धरली तर तो तुमच्या समोरून पंधरा सेकंदांत संपतो. पंधरा सेकंदांत फार तर शिंक येते. तेवढ्यासाठी माणसं सकाळपासून घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. आयोजकांनाही या गोष्टीचा संकोच वाटत असावा, म्हणून १९३० पासून स्वारांच्या बरेच आधी जाहिरातीच्या गाड्यांचा ताफा सोडतात. त्यावरून टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, सॉसेजची पाकिटं असा प्रसाद उधळला जातो. शर्यत पंधरा सेकंदांची आणि प्रसाद अर्ध्या तासाचा. एरवी तीनशे युरोंचा चष्मा लावणारा सभ्य माणूस पाच सेंटांच्या टोपीसाठी आठ वर्षांच्या पोराशी झोंबतो, हे दृश्य मात्र रस्त्याच्या कडेवरूनच नीट दिसतं, एवढं मान्य करायला हवं.

खरा आक्षेप पुढेच आहे, आणि तो वजनदार आहे. जाणकार म्हणतात: सपाटीवर कशाला उभे राहता, घाटात जा. तिथे वेग उतरतो, घोळका फुटतो, एकेक चेहरा दिसतो, पहिला गेल्यावर शेवटचा यायला अर्धा-अर्धा तास लागतो. मुद्दा बरोबर आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही बोरघाटातला पहिला तो ‘घाटाचा राजा’ ठरतो, तो उगाच नाही. तर मग घाटातच जाऊ, आणि तोही व्हाँतूचा. समजा, नोकरीसाठी फ्रान्समध्ये राहणारा एखादा मराठी तरुण १४ जुलै २०१६ रोजी बेदवँ गावातून चढायला लागला आहे. गावापासून शिखरापर्यंत एकवीस किलोमीटर आणि सोळाशे मीटरची चढण. आधी द्राक्षमळे, मग दाट झाडी, मग शाले रेनार नावाची खानावळ, आणि तिच्यावर झाडं संपून नुसता पांढरा चुनखडक, भर उन्हाळ्यात बर्फ पडल्यासारखा. देखाव्याबद्दल एवढं पुरे. त्या खडकात, शिखरापासून दीडएक किलोमीटर खाली, टॉम सिम्पसनचं स्मारक आहे. १९६५ चा हा जगज्जेता इंग्रज १३ जुलै १९६७ रोजी तिथे सायकलवरून कोसळला, पुन्हा बसवला गेला, पुन्हा कोसळला आणि उठला नाही. वय एकोणतीस. उन्हाचा कडाका, पोटात उत्तेजक गोळ्या आणि मद्य, आणि न थांबण्याचा हट्ट. येणारे-जाणारे सायकलस्वार तिथे पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या ठेवतात. उशिरा आणलेलं पाणी.

आमच्या तरुणाने शिखराजवळची जागा हेरली असेल तर ती त्याला आदल्या दिवशीच सोडावी लागली. फ्रेंच कानाला या डोंगराच्या नावातच वारा ऐकू येतो, आणि शर्यतीच्या दिवशी शिखरावर तो ताशी शंभर किलोमीटरच्या वर जाणार होता. आयोजकांनी शेवटचे सहा किलोमीटर कापले आणि अंतिम रेषा शाले रेनारपाशी आणली. रस्ता आखडला, पण माणसं आखडली नाहीत. शिखराच्या वाटेवर जी गर्दी पसरली असती ती खाली उतरून आधीच्याच गर्दीत शिरली. त्यात १४ जुलै म्हणजे फ्रेंचांचा राष्ट्रीय सण. शेवटच्या भागात एके ठिकाणी कठडे नव्हते, आणि तिथे रस्ता म्हणजे गर्दीतली फट उरली. पुढे टीव्हीच्या कॅमेऱ्याची मोटारसायकल होती. गर्दीने तिला वाट दिली नाही, ती थबकली. तिच्या मागच्या बाजूवर रिची पोर्ट हा स्वार आदळला, त्याच्यावर पिवळ्या सदऱ्यातला, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढे असलेला, ख्रिस फ्रूम आणि बाउके मोलेमा. पाठोपाठ आणखी एका मोटारसायकलने फ्रूमची सायकल मोडून ठेवली. दुसरी सायकल ज्या गाडीत होती ती गाडी गर्दीच्या मागे कुठेतरी रुतलेली. तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या सायकल शर्यतीचा म्होरक्या पायी धावत सुटला. चढावर. बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकवायचे कडक तुकडे, त्यामुळे चाल बदकासारखी, आणि दोन्ही बाजूंनी लोक आरोळ्या ठोकत आहेत. नियम असा की अंतिम रेषा पायी ओलांडली तरी चालते, पण सायकल बरोबर हवी. त्याच्याजवळ तीच नव्हती. मग सगळ्या संघांच्या मदतीला असलेल्या गाडीतून त्याला एक सायकल मिळाली. ती इतकी लहान, की आजोबा नातवाच्या सायकलवर बसल्यासारखे दिसावेत, आणि तिच्या पेडलला त्याचे बूट लागेनात. काही अंतर ती ओढून झाल्यावर त्याच्या संघाची गाडी पोचली आणि माणसाच्या मापाची सायकल हाती आली. तोवर कागदावर पिवळा सदरा ॲडम येट्सकडे गेला होता. नंतर पंचांनी बसून ठरवलं की फ्रूमला मोलेमाचीच वेळ द्यायची, आणि सदरा परत आला.

सायकल मोडून पायी निघालेला फ्रूम पहिला नव्हे. १९१३ साली तूरमालेच्या उतारावर ओझेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा काटा मोडला. तो सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरहून जास्त चालला, एका खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने काटा जोडला, आणि दुरुस्ती एकट्यानेच करायची या नियमाचा भंग झाला म्हणून त्याला दंड बसला, कारण भाता एका पोराने हलवला होता. ते दृश्य बघायला मूठभर माणसं होती, तरी फ्रान्स ते विसरलेला नाही. व्हाँतूवर हजारो होते. त्यांतल्या किती जणांनी फ्रूम धावताना पाहिला? जे त्या शे-दोनशे पावलांवर उभे होते त्यांनी, आणि त्यांच्याही डोळ्यांसमोरून तो काही सेकंदांत गेला. इतरांना नंतर पडद्यावर दिसला. आणि ज्यांनी दंगा करत अगदी जवळून पाहिला, त्यांच्या पायांमुळेच तर तो धावत होता! त्याच रात्री नीसमध्ये आतषबाजी बघायला जमलेल्या गर्दीवर एकाने ट्रक घातला आणि शहाऐंशी माणसं गेली. दुसऱ्या दिवशीची शर्यत गाजावाज्याशिवाय झाली. रस्त्याच्या कडेला निर्धास्त उभं राहता येणं ही केवढी चैन आहे, ते त्या चोवीस तासांत फ्रान्सला कळलं. तिथे आमची थट्टाही थांबते.

तरीही आक्षेप उरतोच: दिसत नाही तर इतकी माणसं जातात कशाला, वेडी आहेत का? नाहीत. ती बघायला जात नाहीत, दिसायला जातात. हेलिकॉप्टरमधला कॅमेरा आकाशातून वाडे, किल्ले आणि नद्या दाखवतो. शेतकरी ट्रॅक्टर आणि गवताच्या गाठोड्यांनी शेतात अवाढव्य चाकं काढतात, ती जमिनीवरून ओळखूही येत नाहीत. ती वरच्या डोळ्यासाठीच असतात. कडेची गर्दीही तशीच. ठिपक्यांचे सदरे, झेंडे, बैलाची शिंगं, सगळी सजावट घरी बसलेल्यांसाठी. याचा सगळ्यात कडक पुरावा २६ जून २०२१ रोजी फ्रान्समधल्या ब्रिटनीत मिळाला. एक बाई आजी-आजोबांना हाक मारणारा पुठ्ठा घेऊन रस्त्यात सरकल्या. तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ येणाऱ्या घोळक्याकडे. टोनी मार्टिन हा स्वार त्या पुठ्ठ्यावर आदळला आणि मागे डझनावारी सायकली एकमेकांवर कोसळल्या. कोर्टाने त्यांना १,२०० युरो दंड केला. निष्काळजीपणा निर्विवाद, पण शर्यत नेमकी कुठे चालू आहे हे त्या बाईंइतकं कुणालाच कळलं नव्हतं. ती आजी-आजोबांच्या दिवाणखान्यात चालू होती. यावर जाणकार म्हणतील, मग सगळ्यांनी घरीच बसावं. नाही हो, सगळे घरी बसले तर घरी बसून बघायचं काय? ओसाड डोंगरावर घाम गाळणारा एकटा माणूस आम्ही सोफ्यावरून दहा मिनिटं बघू, अकराव्या मिनिटाला कुकर लावू. डोंगर भरलेला लागतो. तो भरायला कुणीतरी जायला लागतं. आम्ही जाणार नाही, हे वर आलंच आहे.

आमचा तरुण मात्र गेला आहे. शाले रेनारच्या खाली एका वळणावर तो सकाळपासून उभा आहे, वाऱ्याने कान बधिर झाले आहेत, हातात सॉसेजचं पाकीट आणि डोक्यावर फुकटची टोपी. पुढचे स्वार मघाशी समोरून गेले. त्याने फोन उचलला, तर एकीकडे फोडणी आणि एकीकडे टीव्ही अशी आई आधीच बोलते आहे, “अरे, तो पिवळ्या सदऱ्यातला पळत का सुटलाय? सायकल कुठे गेली त्याची?”

“पळतोय? कोण पळतोय?”

“तू तिथेच आहेस ना? आणि मला दिसला नाहीस तो अजून. टोपी कुठल्या रंगाची घातली आहेस?”