आरमोरीत बेपत्ता कसे व्हावे

प्रथम मोबाइल हातात घ्यावा. सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी शोधून ती ‘ॲप वापरतानाच’ एवढीच ठेवावी. ‘अचूक ठिकाण’ बंद करावे. मग हवामानाच्या ॲपला तुम्ही आरमोरीत आहात इतकेच कळेल, कोणाच्या अंगणात ते नाही. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश बसतात, तेही कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून काढावेत. टॉवरला मात्र तुमची दिशा कळणारच. त्याला उपाय, फोन बंद.

इथवर सोपे. आता पानठेला.

ठेल्यावरचा भाऊ खर्रा घोटता घोटता, मान वर न करता विचारतो, ‘‘कुठी चालले गा?’’ इथे परवानगी नाकारायचे बटण नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. निकाल अजून ठेल्यापर्यंत पोचायचा आहे. ‘‘इथंच, जवळ’’ म्हणावे, तर तो तिरक्या नजरेने इस्त्रीची पँट बघतो. ‘‘वडसा? नाटक?’’ १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये संशोधकांनी सांगितले, की ठिकाण-वेळेच्या ४ खुणा मिळाल्या तर ९५ टक्के माणसे हुडकता येतात. चार! आमच्या भावाला एक पँट पुरते.

शास्त्रात गर्दीत मिसळण्याचा तोडगा आहे. तुमचा ठिपका दाखवायचा नाही. आणखी पन्नास जण मावतील एवढे वर्तुळ दाखवायचे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर छत्रीएवढ्या वर्तुळात काम भागते. आमच्याकडे रात्री बाराला पन्नास जागी माणसे मोजायची, तर वर्तुळ वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीला टेकेल. म्हणून लपायला मंडईची, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेची, रात्र निवडावी. पहाटेपर्यंत झाडीपट्टीचे नाटक, अख्खे गाव तिथेच. (सासूही तिथेच, हे ध्यानात ठेवावे.)

वाघालाही हा त्रास आहे. मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ई-मेलवर यायची, ते खाते २०१३ मध्ये पुण्यातून कोणीतरी उघडू पाहिले, सर्व्हरने अडवले. तेव्हा वाघ दिसला तर वनरक्षकाला आणि त्या बाजूच्या शेतकऱ्यांना सांगावे, ग्रुपवर ‘अमुक नाल्याजवळ’ म्हणून फोटो टाकू नये.

सरपणाला जंगलात निघताना मात्र हे सगळे मार्गदर्शन गुंडाळून ठेवावे. ठेल्यासमोर सायकल थांबवावी आणि कोणी विचारायच्या आत कोणत्या बाजूला चाललो ते सांगून टाकावे. तेव्हा भाऊचा घोटणारा हात थांबतो. तो मान वर करतो.

‘‘एकटेच?’’